दोन ओळींत पार्श्वभूमी

अश्लेषा म्हणाली, वाजवणाऱ्यांची पार्श्वभूमी लिहून दे,
प्रत्येकी दोन ओळी.
अल्बमच्या पाकिटावर जागा तेवढीच आहे.
स्कूटर विकून तिनं स्टुडिओचे आठ दिवस घेतलेत.
मी बरं म्हणालो.

स्टुडिओ म्हणजे गोरेगावात, पिठाच्या गिरणीमागची खोली.
गिरणी लागली की टेक थांबतो.
कुणाचं तरी पाच किलो ज्वारीचं होईस्तोवर
आम्ही चहा पितो, मी वही काढतो.

इनास डाबरे, ट्रम्पेट, वसई.
"लिही, मयताला वाजवतो."
लग्नालाही वाजवतो, पण लग्नात ऐकतो कोण?
मयताला लोकांना दुसरं काही करायचं नसतं.
एकदा शवपेटी खाली सोडताना त्याचा सूर चिरकला.
गेलेल्याची बायको तीन दिवस दगडासारखी होती,
तिनं वर पाहिलं,
आणि मग रडली.
"तेव्हापासून तिथं मी मुद्दाम चिरकतो.
हे लिहू नकोस."
चौथ्या गाण्यात, शेवटच्या ओळीच्या जरा आधी,
तो चिरकला.
काचेपलीकडून अश्लेषानं हात वर केला: राहू दे.
मी लिहिलं, इनास डाबरे, तीन पिढ्यांचा वारसा.

नासिर पेवेकर, बास गिटार, वय बावीस.
पार्श्वभूमी विचारली तर त्यानं पाठच फिरवली:
एका खांद्यावर गिटार,
दुसऱ्यावर लोकांची जेवणं पोचवायची पेटी.
झाल्या दोन ओळी, म्हणाला.

पद्मजा हट्टंगडी व्हायोलिन जुन्या इरकलीत गुंडाळून आणतात.
वडील सिनेमाच्या वाद्यवृंदात, चौथ्या रांगेत.
"पडद्यावर नायिका रडली की आमच्याकडे श्रीखंड.
दुःखाचे दिवस फार चांगले होते हो."
मग कीबोर्डच्या एका पट्टीखाली
साठ व्हायोलिनं मावायला लागली,
साठांपैकी एकालाही खोकला नाही, घरभाडं नाही.
पद्मजाबाई पतपेढीत लागल्या. एकतीस वर्षं
उजव्या हातानं पासबुकं भरली,
डाव्याची बोटं टेबलाखाली चालत राहिली.
नाव कसं छापू, विचारलं.
"वडिलांचं छापा. त्यांचं कुठेच नाही."
पण वाजवलंय तुम्ही.
त्या गजाला राळ लावत राहिल्या,
गिरणी बंद झाल्यावरही.

अनाजी पाष्टे, बेंजो.
हा गडी काही सांगेचना.
मिरवणुकीतला हात, दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल असा;
इथं अश्लेषानं त्याला कुजबुजायला लावलं,
तर घाम फुटला त्याला.
शेवटच्या रात्री तारा सैल करता करता बोलला:
पालिकेत आहे. पाणीखात्यात. चावीवाला.
पहाटे जोगेश्वरीची चावी माझी, निघतो.
हात मिळवला तेव्हा तळव्याला
गंजाचा वास होता.

पाकीट काही निघालं नाही.
पैसे मिक्सिंगमध्येच संपले.
अल्बम आता फोनवर आहे. तीन टिंबं दाबली,
मग आणखी एक बाण दाबला, की खाली बारीक अक्षरांत नुसती नावं.
अनाजीचं 'अनाची' झालंय.
पद्मजाबाईंच्या खाली मी वडिलांचं टाकलं.
वाद्य कोणतं, असा रकाना रिकामा राहू देत नव्हता,
तिथं लिहिलं: चौथी रांग.
बाकीच्या दोन-दोन ओळी वहीत आहेत,
पिठाच्या बोटांसकट.

मी जोगेश्वरीतच राहतो, हे अनाजीला सांगायचं राहिलं.
चार चाळीसला मोरीतला नळ आधी फुसफुसतो,
मग खाकरतो,
मग एक बारीक सूर धरतो,
काळी दोनच्या किंचित खाली.
पूर्वी या आवाजानं मी वैतागून उठायचो.
आता थोडा आधीच जागा होतो.
मग पाणी येतं, आणि कळशी लावावी लागते.