कानडीतला शब्द

कोर्टासमोरच्या पहिल्या वकिलानं
पिशवी न उघडताच विचारलं, जागेची केस का?
जागा नाही म्हटल्यावर त्याचा चहा आला.
दुसरा म्हणाला, मी चेक बाउन्सचं बघतो,
तुमचे किती झालेत?
जणू मुलं किती, तसं.
तिसरा जेवायला गेला होता.
चार वाजेपर्यंत जेवत होता.

शेवटी टायपिंगवाल्या नागाप्पानं मान वर केली.
"नादारीचं काय? मग हुक्केरी बाईंकडं जावा की.
दुसऱ्या रेल्वे गेटापलीकडं, झेरॉक्सच्या माडीवर.
चप्पल खाली काढू नका, जातेत."

नादारी.
सहा महिने मी हिला 'जराशी अडचण' म्हणत होते.

बाईंची मराठी कानडीच्या चालीवर,
माझी कानडी मराठीच्या.
मध्ये कुठंतरी आकडे भेटले.
"सगळं लिवा. कुणाचं किती. एक पण सोडू नका."
बँकेचं लिहिलं. सोमवारच्या गटाचं लिहिलं,
ते फेडायला काढलेलं गुरुवारच्या गटाचं.
खडेबाजारच्या कापडवाल्याचं:
बाराशे गणवेशांचं चौकडी कापड घेतलं
आणि शाळेनं जूनमध्ये रंग बदलला.
मग पेन थांबलं.
"अजून आहे," बाई म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.
नणंदेच्या पाटल्या लिहिल्या.
लग्नात घालायला म्हणून आणलेल्या.
तिला अजून ठाऊक नाही.

बाईंच्या काळ्या कोटाचं अस्तर काखेत उसवलं होतं.
डोळा सारखा तिथंच जायचा.
चार टाके, दोन मिनिटांचं काम.
बोलले नाही.
भिडेपोटी केलेलं काम कागदाच्या मागच्या बाजूला आहे,
'येणं' या मथळ्याखाली;
गुरुजींच्या सुनेचे अकरा ब्लाउज धरून.

"मशिनी किती?"
सहा.
"पाच जातील. कारागिराचं हत्यार कोर्ट उचलत नाही,
एक राहील. कुठली ठेवणार?"
मी पायाची सांगितली, पहिली,
जिचा पट्टा दर दोन दिवसांनी घसरतो.
बाईंनी चष्म्यावरून बघितलं.
"मोटारची ठेवा की. पोट भरायचंय नव्हं?"
खोडून मोटारची लिहिली.

फीचं विचारलं.
"निम्मी आता, निम्मी..." आणि त्याच अडखळल्या.
"नादार माणसाकडं मी उधारी कशी ठेवायची?"
दोघी इतक्या हसलो
की झेरॉक्सवाला जिन्यातून डोकावून गेला.

रात्री धाकट्यानं अर्ज उघडला.
शाळेत कानडी आहे त्याला, बोट ठेवून वाचतो.
पहिल्याच ओळीत त्याचं तोंड फुललं:
आई, यात दिवाळी आहे!

आपल्या दिवाळ्याला तिकडं दिवाळीच म्हणतात.
सणाला दुसरा शब्द आहे, लांबलचक.
सांगणार होते.
तो पुढं गेला: अर्जदार, वय एक्केचाळीस,
धंदा शिवणकाम.
माझं नाव कानडीत कसं दिसतं ते दाखवलं त्यानं,
सगळी गोलाई, कुठंच सरळ शिवण नाही.

खाली सहीची जागा मोकळी आहे.
मराठीत केली तर चालते,
विचारून ठेवलंय.