एक रेघ जास्त

बाहेर सेहेचाळीस अंश, आत चार.
कोल्ड रूमच्या दाराशी स्वेटर टांगलेला असतो,
सगळ्यांचा मिळून एकच, कोपरात उसवलेला.
ऑगस्टात अल खोरला अंगात लोकर घालणारी
मी, आणि मासळीबाजारातले बर्फ फोडणारे.

खाडीत तिवरांचं बन आहे. आमच्या दाभोळलाही आहे,
पण तिथे वरून नदी येते, चव मोडते.
इथे नुसतं मीठ. झाडं मिठात उभी
आणि पानांतून मीठ गाळतात.
सकाळी पान चाटलं की जीभ आखडते.
ते मीठ ज्या दारातून बाहेर पडतं
ते दार डॉक्टर बुथैनाला हवंय :
पेशीच्या पडद्यात रुतलेलं एक प्रथिन.

पहिली दोन वर्षं आम्ही ते साबणाने सोडवलं.
स्वच्छ निघायचं. एकटं.
आणि रात्रीतून तळाशी बसायचं
नासलेल्या दुधासारखं.

मग पॉलिमर आला.
तो पडदा विरघळवून टाकत नाही, कापून देतो,
करंजीच्या कडेने कातणं फिरावं तसा.
मध्ये प्रथिन, भोवती त्याचंच तेल,
तेलाभोवती पट्टा.
दहा नॅनोमीटरची चकती.

स्तंभातून थेंब थेंब. मोठं आधी, बारीक मागून,
आमच्या घरच्या पंगतीसारखं.
आलेखावर शिखर आलं, पण त्याला खांदा होता.
फेकलं.
पुन्हा खांदा. फेकलं.
तिसऱ्यांदा एकटं, सरळ शिखर,
आणि मी कोल्ड रूममध्येच घामाघूम.

मायक्रोस्कोपखाली सांडलेले साबुदाणे :
वरून पाहिलेल्या चकत्या गोल,
कडेवर उभ्या राहिलेल्या नुसत्या रेघा.

गुरुवारी मुतवक्किलने वस्तुमानाचा आलेख आणला.
एक रेघ जास्त होती.
बाकी तेलं रिकाम्या चकत्यांतही सापडली, हे नाही.
हे फक्त दाराला बिलगलेलं.
सात वेळा धुतलं होतं आम्ही.

"काढून बघ," बुथैना म्हणाली.
बघावंच लागतं.
अर्ध्या नमुन्यातून काढलं, दोन दिवस लागले.
ते दार काही उघडलं नाही.

वहीत लिहिलं :
नमुना एकोणीस, ब. तेल, नाव माहीत नाही.
ठेवलं.
मग स्वेटर खुंटीला लावला
आणि उन्हात जाऊन उभी राहिले जरा.