कट क्रमांक दोनशे बारा

नेरिमात, दुसऱ्या मजल्यावर
काचेखालचा दिवा रात्री दोनलाही चालूच.
ढग ओढणारी गोगलगाय
तोकिएला एका बैठकीत जमली;
अडलंय ते पोरीच्या बुटापाशी.

बत्तीस कागद. बोटांत धरून फडफडवले
की पाय बुटात जातो, पण
मोठ्या माणसासारखा.
कुसुमोतोसाननी समासात निळ्या पेन्सिलीनं लिहिलंय:
‘हिला घाई आहे. मागची कड चुरगळू दे.’

तोकिए जिन्यात जाऊन स्वतःचा बूट काढते, घालते.
काढते.
घालते.
तिची टाच फार शहाणी झालेली.

पहाटे घरी. दारातल्या पायरीशी
लेकाचे बूट, उलटेसुलटे,
मागून दुमडून पार चपटे.
पिशवी खांद्यावरच,
ती तिथंच उकिडवी बसते
आणि दुकानाच्या पावतीमागे
तेहेतिसावा.