पलीकडची ठेंगणी लाट

तार्तू. डिसेंबर. साडेतीनलाच अंधार.
एकेचाळीस उत्तरपत्रिका, आणि तिसऱ्या प्रश्नाला
सव्वीस जणांचं एकच उत्तर:
भिंतीतून आरपार जाताना इलेक्ट्रॉनची ऊर्जा खर्च होते.

लाल पेन सवयीनं चालतं.
चूक. चूक. अर्धा गुण. चूक.
उर्मेटनं मात्र खाली कारण लिहिलंय,
कुणी विचारलं नसताना, तिरक्या अक्षरात:
भिंतीतून कोणी फुकट जात नाही.
माझे वडील शेलच्या खाणीत ड्रिल चालवतात.
घरी येतात तेव्हा बूट काढायचंही त्राण नसतं.

आता फुली कुठल्या ओळीवर मारू?

ऊर्जा तेवढीच राहते रे.
घटते ती पलीकडे सापडण्याची शक्यता.
पुष्कळ भिंतीशीच परततात,
एखादा निघतो पार,
आणि निघतो तो अख्खा निघतो,
तीळभरही न झिजता.
हे मी वर्गात सांगितलं होतं. दोनदा.
सगळ्यांनी वहीत उतरवूनसुद्धा घेतलं होतं.

कोट न घालताच खाली गेले, रिकाम्या वर्गात.
फळा कुणी पुसलेला नव्हता.
माझंच चित्र. मधोमध भिंत,
ऊर्जेची आडवी तुटक रेघ,
आणि जागा वाचवायला
त्याच रेघेवर बसवलेली लाट:
अलीकडे उंच, भिंतीत उतरत गेलेली,
पलीकडे ठेंगणी.
उभा अक्ष एकच.
कशाचा, ते लिहिलेलंच नाही.

मुलांनी लाट उतरताना पाहिली
आणि ऊर्जा उतरली असं वाचलं.
डोळे शाबूत असलेला कुणीही तेच वाचेल.
एकोणीस वर्षं हेच चित्र काढतेय मी.
मला शिकवणाऱ्या हेल्यो बाईंनीही हेच काढलं होतं,
आणि मला ते, आता लपवायचं काय,
पदवी हातात आल्यावर दोन वर्षांनी
बस चुकली त्या दिवशी थांब्यावर उमगलं.

उद्या दोन चित्रं काढीन, एकाखाली एक,
मध्ये वीतभर जागा सोडून.
उर्मेटच्या वडिलांचं काय करायचं
ते मला माहीत नाही.
ते इलेक्ट्रॉन नाहीत.
ते रोज पार निघतात, आणि झिजतात.

ओलं फडकं घेऊन फळा पुसला.
लख्ख काळा झाला.
मग कडेनं वाळत गेला,
आणि ती रेघ, तिच्यावरची ती लाट
हळूहळू पुन्हा दिसायला लागली.