कोरा नमुना

सड्यावरच्या प्रयोगशाळेत, आतल्या खोलीत शिरण्याआधी
बांगड्या काढायच्या. कुड्या. केसांतली पिनसुद्धा.
मंगळसूत्र एका प्लास्टिकच्या डबीत,
डबीवर मार्करने लिहिलेलं: सत्यवती.
मग टोपी, झगा, हातमोज्यांचे दोन थर.
धातूचा कण आत येता कामा नये.
इतकं सोवळं आमच्या घरी
श्रावणातल्या पूजेलाही नसतं.

बाटल्या आल्यात साठ अंश दक्षिणेहून.
चार महिन्यांपूर्वी कुणीतरी गोठल्या बोटांनी
त्या सुती-नायलॉनच्या दोरावरून खोल सोडल्या,
भरून वर ओढल्या, तीन पिशव्यांत गुंडाळल्या.
बाटलीत समुद्र दिसत नाही.
पाणी दिसतं.

तिथे म्हणे सगळं असतं.
नत्र असतं, स्फुरद असतं,
हिवाळ्यातली वादळं पाणी घुसळतात
आणि खालची शिदोरी वर येते.
उन्हाळ्यात ऊन मावळायचं नाव घेत नाही.
तरी मैलोन् मैल पाणी निळंच, रिकामं,
पान वाढून झालं
आणि कुणी घासच उचलेना, तसं.
मीठ विसरलं असेल, मी पटकन बोलून गेले.
डॉक्टर कुलासो हसल्या:
सत्यवती, समुद्रात मीठ कमी?
लोखंड कमी.
इतकं कमी, की मोजताना श्वासही आवरायचा.

जिथे हिमनग वितळतो,
पोटातला खडकाचा चुरा सांडतो,
तिथे पाणी हिरवं होतं.
काचेची घरं बांधून राहणारी, डोळ्यांना न दिसणारी शेवाळं,
ती खायला क्रिल (आमच्या गालमोची थंडीतली बहीण म्हणा),
क्रिल खायला देवमासे,
आणि देवमासा हगला की
तेच लोखंड पुन्हा पाण्यात.
हे सांगताना तिथे सगळे गंभीर असतात.
मीपण.

बाबांना सांगितलं.
बाबा, म्हणजे पुनो तांडेल,
तीस वर्षं झुआरीत बार्ज चालवली,
सावर्ड्याकडचं खनिज भरून मुरगावला.
त्यांचा सदरा आईने कितीही खळबळला
तरी शेवटचं पाणी लालच निघायचं.
मग खाणी बंद पडल्या,
बार्ज काठच्या चिखलात रुतली, तिथेच गंजली.
खोकला तेवढा चालू राहिला.
"थंय लोखंड ना?" ते म्हणाले,
"आमकां सांग गो! एक बार्ज भरून धाडूंया."
आणि हसता हसता खोकत बसले,
मी पाठीवरून हात फिरवत.

आज चौदा नंबरची बाटली.
आकडा असा आला की मॅडम खुर्चीतून उठल्या.
तिथल्या पाण्यात एवढं?
जवळपास हिमनग असेल?
तळातून काही उसळलं असेल?
क्षणभर त्या पांढऱ्या खोलीत
काहीतरी हिरवं उगवू लागलं.
मग त्या म्हणाल्या, कोरा नमुना लावून बघ.

कोरा म्हणजे ज्यात समुद्र नाहीच.
फक्त शुद्ध केलेलं पाणी,
आणि आपण.

लावला.
त्यातही जवळजवळ तेवढंच लोखंड.

कुणी काही बोललं नाही.
माझ्या झग्याची शिवण? पापण्या?
सकाळी निघताना बाबांची उशी झटकली होती, ती?
वहीत चौदा नंबरवर आडवी रेघ मारली, पुढे लिहिलं:
दूषित. स्रोत स्थानिक.

संध्याकाळी डबीतून मंगळसूत्र काढून गळ्यात घातलं.
स्कूटरच्या सीटवर बंदराकडून आलेली
काळी-तांबडी धूळ. रोजची.
रोज फडक्याने पुसते.
आज बोट ओढलं, बोट बघितलं.
एवढ्यात तिकडचं किती पाणी
हिरवं झालं असतं,
तो हिशेब मला येतो.
केला नाही.

दूध घ्यायचं होतं, बाबांचं औषध संपलेलं,
आणि उद्या पंधरा नंबर.