उशिराचा खुलासा

वकीलबाई, पहिल्यांदा तुम्ही विचारलंत, तारीख कुठली.
मी म्हटलं, अष्टमीचा भांग, पाणी मेलेलं,
म्हाकूल लागलं होतं.
तुम्ही पेन टेबलावर आडवं ठेवलंत.
कोर्टाला भांग कळत नाही, म्हणालात.

मग तारीख सापडली केसपेपरवर,
दापोलीच्या डॉक्टरच्या अक्षरात,
वर चहाच्या कपाचा गोल डाग.
तिथून दोन वर्षं मोजलीत तुम्ही
भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत,
आणि मान हलवलीत.
नऊ महिने आणि अकरा दिवस उशीर.

आता म्हणता, माफीचा अर्ज करू,
पण रोजच्या दिवसाचा खुलासा द्यावा लागेल.
पुरेसं कारण हवं.

लिहा तर.

शिमग्यापर्यंत थांब, दामाजी नाखवा म्हणाला.
पालखी नाचून देवळात गेली.
मग म्हणाला, बंदी लागू दे, होड्या वर येऊ देत.
आल्या. झापांखाली दोन महिने झोपल्या.
तेही दिवस धरलेत का तुमच्या मोजणीत?
दर्या बंद, आणि मुदत चालू?
नारळी पुनवेला त्याने मला बोलावलं,
सोनेरी कागद लावलेला नारळ
माझ्या डाव्या हातात दिला,
म्हणाला, हिराजी, तू घरचा माणूस.
घरच्या माणसाने नोटीस कशी धाडायची, बाई?
हे लिहू नका हवं तर.

दुसरं कारण हाताचं.
आमच्यात महिने पेरांवर मोजतात.
अंगठा फिरतो, चार बोटं, तीन तीन पेरं,
एका हाताचं एक वर्ष.
आजा असाच मोजायचा,
सुकटीची उधारी, सुनांचे दिवस.
दोन हात म्हणजे तुमची मुदत, बरोब्बर.
कायदा करणारा माणूससुद्धा
बहुतेक बोटांवरच मोजत बसला असेल.

डावा हात मी पुरा मोजला.
उजव्यावर आलो तर करंगळी तेवढी.
बाकीची तीन विंचच्या दोराने नेली
सुवर्णदुर्गाच्या पल्याड, वीस वाव पाण्यात.
तीन बोटांची नऊ पेरं.
ते नऊ महिने तिथे खाली आहेत.
मी कुठून मोजणार?

तुम्ही हसलात. वाटलंच मला.
पण तिथे अजून खाज येते.
रखमी झोपली की उठतो
आणि हवेत खाजवतो.
कागद म्हणतो, इजा अमुक तारखेला झाली.
झाली असेल कागदाला.
मी रोज भाताचा पहिला घास उचलतो
तेव्हा होते.

राहिले अकरा दिवस.
त्यांचा दोष नाखव्यावर नाही, बोटांवरही नाही.
पैसे कनवटीला होते.
खेडची एसटी कधी सुटते ते माहीत होतं.
मी मागच्या पडवीत बसून
डाव्या हाताने आणि दातांनी
जाळ्याची गाठ मारायला शिकत होतो.
रोज सुटायची.
अकराव्या दिवशी बसली.
ओढून बघितली. रखमीला ओढायला लावली.
बाराव्या दिवशी तुमच्या पायरीवर.

हे पुरेसं आहे का, ते तुम्ही सांगा.
गाठ आणली आहे.
खिशात आहे.