चार हजारपर्यंत

पार्सल पोलंडहून निघालं
आणि मुंबईच्या कस्टममध्ये अठरा दिवस बसून राहिलं.
साहेबांनी फोनवर विचारलं, हे नक्की काय आहे?
म्हटलं, वेग.
ब्याण्णव सालच्या मशीनसाठी मागवलेला वेग.
त्यांनी 'खेळणे' असं लिहून घेतलं
आणि तेराशे रुपये लावले.

बाबांचा अमिगा माळ्यावर सतरंजीत गुंडाळलेला,
ताकाच्या रंगाचा होता, आता कढीच्या.
सहकारनगरच्या दीड खोलीत बसून
याच्यावर त्यांनी अर्ध्या पुण्याची लग्नं लावली.
म्हणजे नावं.
डावीकडून उडत यायची चि. सौ. कां. हेमांगी,
उजवीकडून चि. रविकिरण,
आणि मधे शुभविवाह, एकेक अक्षर,
अंतरपाटामागे उभं असल्यासारखं थांबून थांबून.
खाली बारीक अक्षरांत: ढमढेरे व्हिडिओ.

तपकीर गल्लीत मोमीनभाईंनी आधी कपॅसिटर बदलले.
सोल्डरिंग टेकवलं तसा बोंबलाचा वास सुटला.
घाबरू नका ताई, म्हणाले,
आतलं पाणी फुटलं की असंच होतं.
किती वर्षं बंद होतं?
अकरा.
यावर ते काही बोलले नाहीत.
मी पावती मागितली तेव्हा मात्र हसले.

घरी आणून मशीन पालथं घातलं,
तेल लावायला बाळ पालथं घालावं तसं.
पोटाशी एक झाकण. नखानं उचकटलं.
तळहाताएवढा हिरवा बोर्ड आत जाईना.
जोर नको, कोन बघ, असं बाबा कुलपालाही म्हणायचे.
कोन बघितला.
खट्.
चौदाच्या जागी पन्नास मेगाहर्ट्‌झ.

पहिली फ्लॉपी घातली हेमांगी-रविकिरणची.
करकरली, पडदा निळा झाला
आणि लग्न होऊन गेलं.
मी चष्मा पुसून पुन्हा लावलं.
पुन्हा होऊन गेलं.

मग प्रोग्राम उघडून वाचत बसले.
प्रत्येक अक्षरानंतर एकच ओळ:
एकपासून चार हजारपर्यंत मोज.
बाकी काही करू नकोस, नुसतं मोज.
थांबायची दुसरी सोय त्यांना माहीत नसावी.
शु, चार हजार. भ, चार हजार.
एका ठिकाणी मात्र नऊ हजार,
आणि शेजारी इंग्रजी लिपीतल्या मराठीत टीप:
वधूच्या आईचं नाव. इथे घाई नको.

नवा प्रोसेसर नऊ हजार मोजतो
तेवढ्यात पापणीही लवत नाही.

बोर्डाच्या कागदात लिहिलंय,
सुरू करताना दोनचा आकडा दाबून धरा,
बोर्ड झोपून राहील, मशीन पूर्वीसारखं चालेल.
धरला.
हेमांगी आली. सावकाश. तिच्या आईचं नाव शकुंतला होतं.

शेवटच्या फ्लॉपीवर पेन्सिलीनं 'समई'.
पितळेची, गोल फिरणारी, माझ्या लग्नासाठी,
पंच्याहत्तर चित्रांची.
एका चित्राला पन्नास मिनिटं,
शिवाय गुरुवारची वीज जायची.
एक्केचाळिसाव्यावर काम राहिलं.
लग्नही राहिलं, पण ती वेगळी कॅसेट.

बेचाळिसावं तीन मिनिटांत झालं.
कुकर लावला तोवर शेहेचाळीस,
भांडी घासून पुसून होईतो बावन्न.
रात्री साडेनऊला चौऱ्याहत्तर.
पन्नास मिनिटं बाबा त्या खुर्चीत काय करत असतील,
हे मी कधी विचारलं नव्हतं.

पंच्याहत्तराव्याला मशीन बंद केलं,
दोनचा आकडा दाबून धरला, चालू केलं.
वरून एक ओळ उमटली. मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरी.
मी मोजायला लागले.
बाराशेच्या आसपास बेल वाजली,
सोसायटीचे सप्रे, मेंटेनन्सचं स्मरणपत्र घेऊन.
परत आले तेव्हा समईची एक वात दिसायला लागली होती.
आकडा विसरले होते.
पुन्हा एकपासून.